सिगारेटवरचा कर कमी केला तर तस्करी थांबेल का? संसद ते स्वारगेटची टपरी, सगळं गणित समजून घ्या

स्वारगेट एसटी स्टँड. कोल्हापूरच्या गाडीला अजून वीस मिनिटं आहेत. दोन-चार जण स्टँडबाहेर येतात, कटिंग चहा घेतात आणि टपरीवाल्याकडे एक सिगारेट मागतात. पाकीट नाही, एकच. पैसे देताना मात्र घासाघीस सुरू होते. "परवा तर कमी घेतले होते की!" टपरीवाल्याचं उत्तर ठरलेलं असतं. "वरूनच वाढलीय, मी काय करू?"

१ फेब्रुवारी २०२६ पासून असे संवाद राज्यातल्या हजारो टपऱ्यांवर होऊ लागले. त्या दिवशी देशात तंबाखूवरच्या कराची अख्खी रचनाच बदलली आणि सिगारेट महागली.

लगेच एक जुना युक्तिवाद पुन्हा फिरायला लागला. कर वाढला की लोक सिगारेट सोडत नाहीत, तस्करीची स्वस्त सिगारेट घेतात. मग सरकारचा महसूल बुडतो, स्मगलर गब्बर होतात आणि लोकांची तब्येत आहे तिथेच राहते. म्हणून कर कमी करा, तस्करी आपोआप थांबेल.

ऐकायला पटतं. पण खरंच असं होतं का? जगात कुणी करून पाहिलंय का? आणि महाराष्ट्रात याचा अर्थ काय? एक-एक करून बघू.

आधी बघू, संसदेत झालं काय?

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा सिगारेटवर २८ टक्के जीएसटी आणि त्याच्यावर भरपाई उपकर, म्हणजे कॉम्पेन्सेशन सेस, लागायला लागला. जीएसटीमुळे राज्यांचं जे नुकसान होईल ते भरून द्यायला हा सेस होता. पुढे कोरोनाच्या काळात राज्यांना भरपाई देण्यासाठी केंद्राने सुमारे २ लाख ६९ हजार कोटींचं कर्ज काढलं. ते फेडण्यासाठी सेस चालू ठेवला गेला.

कर्ज फिटत आलं म्हणजे सेस जाणार हे उघड होतं. आता हा सेस नुसताच काढून टाकला असता तर सिगारेट एकदम स्वस्त झाली असती.

त्यावर तोडगा म्हणून १ डिसेंबर २०२५ ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी लोकसभेत दोन विधेयकं मांडली. पहिलं केंद्रीय उत्पादन शुल्क सुधारणा विधेयक, ज्यात सिगारेट, जर्दा, हुक्क्याचा तंबाखू अशा गोष्टींवर पुन्हा एक्साइज ड्युटी लावायची तरतूद होती. दुसरं पान मसाल्यावरच्या नव्या उपकराचं. एक्साइजचं विधेयक ३ डिसेंबरला लोकसभेत मंजूर झालं आणि ४ डिसेंबरला राज्यसभेतून पार पडलं.

चर्चेत बरेच मुद्दे निघाले. हे आरोग्यासाठी आहे की तिजोरीसाठी? राज्यांना यातलं किती मिळणार? तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्याचं आणि विडी कामगारांचं काय?

सरकारचं उत्तर साधारण असं होतं. हा नवा कर नाही, जाणाऱ्या सेसच्या जागी जुनी एक्साइज ड्युटी परत येतेय. सेस विभागला जात नाही, एक्साइज मात्र राज्यांबरोबर वाटली जाते. आणि भारतात सिगारेटच्या किरकोळ किमतीत कराचा वाटा ५३ टक्क्यांच्या आसपास आहे, तर जागतिक आरोग्य संघटना सांगते की तो किमान ७५ टक्के हवा.

३१ डिसेंबरला अधिसूचना आली. १ फेब्रुवारीपासून सिगारेटच्या लांबीनुसार दर हजार नगांमागे २,०५० ते ८,५०० रुपये एक्साइज. म्हणजे एका सिगारेटमागे २ रुपये ५ पैसे ते साडेआठ रुपये. वर ४० टक्के जीएसटी. विडीवर मात्र १८ टक्के जीएसटी. विडी २८ वरून १८ वर आली, म्हणजे तिच्यावरचा दर उलट उतरला. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसऱ्याच दिवशी, १ जानेवारी २०२६ ला, आयटीसीचा शेअर जवळपास १० टक्के पडला. सिगारेट कंपन्यांची संघटना असलेल्या टोबॅको इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाने फेरविचाराची मागणी केली. कारण तेच. एवढा कर लावला तर तस्करी फोफावेल.

तस्करी होते म्हणजे नेमकं काय होतं?

तस्करीच्या सिगारेटचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला, बाहेरच्या देशातून कस्टम ड्युटी चुकवून आणलेला माल. दुसरा, देशातच चोरून बनवलेला किंवा कर न भरता कारखान्यातून बाहेर काढलेला माल.

परदेशी माल बहुतेकदा समुद्रातून येतो. महसूल गुप्तचर संचालनालय, म्हणजे डीआरआय, न्हावा शेवा बंदरात अधूनमधून मोठमोठे कंटेनर पकडतं. कागदावर भलताच माल दाखवलेला असतो आणि आत सिगारेटी निघतात. अशा जप्त्यांच्या बातम्यांत एस्से, गुडंग गरम, मॉन्ड, पॅरिस अशी नावं पुन्हा पुन्हा दिसतात.

यात पैसा किती आहे? ४० फुटी एका कंटेनरमध्ये साधारण १ कोटी सिगारेटी बसतात. एका सिगारेटमागे नुसती ५ रुपयांची एक्साइज धरली, तरी एका कंटेनरमागे ५ कोटी बुडाले. जीएसटी आणि कस्टम ड्युटी वेगळी.

अशी सिगारेट ओळखायची सोपी खूण म्हणजे पाकीट. एप्रिल २०१६ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटाच्या दोन्ही मुख्य बाजूंचा ८५ टक्के भाग धोक्याच्या चित्राने आणि सूचनेने झाकलेला असावा लागतो. तस्करीच्या पाकिटावर बऱ्याचदा ते नसतं. पण एक-एक सुटी सिगारेट घेणाऱ्याला पाकीट दिसतंच कुठे?

आणि गंमत अशी, की महाराष्ट्रात सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. कारण हेच होतं. सुटी घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर धोक्याची सूचना येत नाही. नियम होऊन वर्षं झाली, तरी कुठल्याही मोठ्या बसस्टँडच्या बाहेर पाच मिनिटं उभं राहिलं की त्याचं काय झालंय ते कळतं.

तस्करी आहे किती? इथेच मोठा घोळ आहे

उद्योग म्हणतो, देशात विकली जाणारी साधारण दर चौथी सिगारेट बेकायदा आहे. हा आकडा बातम्यांत, चर्चासत्रांत सगळीकडे फिरत असतो.

पण स्वतंत्र संशोधकांनी मोजलं तेव्हा वेगळंच चित्र आलं. रिजो जॉन आणि हाना रॉस या अर्थतज्ज्ञांचा एक अभ्यास २०१८ मध्ये 'टोबॅको कंट्रोल' या नियतकालिकात आला. त्यांची पद्धत भारी होती. टपरीवाला दिवसभर सुट्या सिगारेटी विकतो, म्हणजे संध्याकाळी त्याच्याकडे रिकामी पाकिटं उरतात. काही शहरांतल्या टपऱ्यांवरून ती एका दिवसाची रिकामी पाकिटं गोळा केली आणि त्यातली किती बेकायदा आहेत ते तपासलं. सरासरी निघाली ३ टक्क्यांच्या आत. शहराशहरांत फरक मोठा होता, पण 'दर चौथी'च्या जवळपासही सरासरी गेली नाही.

आता या अभ्यासालाही मर्यादा आहेत. काही मोजकीच शहरं आहेत, आकडे कर वाढण्याच्या आधीचे आहेत. देशातच कर चुकवून बनवलेली, पण पाकिटावर सगळं नीट छापलेली सिगारेट अशा पाहणीत पकडणं अवघड असतं. तरीही ३ आणि २५ यांत फरक मोठा आहे. आणि कर कमी करायचा की नाही हा निर्णय याच आकड्यावर अवलंबून असेल, तर तो आकडा ज्यांना करकपात हवी आहे त्यांच्याकडूनच घ्यायचा का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

आता मुख्य गणित. वादापुरता उद्योगाचाच आकडा धरू

चला, मान्य करू की १०० पैकी २५ सिगारेटी बेकायदा आहेत. पुढचे आकडे आपण समजण्यासाठी सोपे घेतलेत, बाजारातले नाहीत. पण पेन घेऊन करून बघा.

समजा, एक सिगारेट २० रुपयांना आहे आणि त्यात १० रुपये कर आहे. तस्कराला तीच वस्तू आणायला, पोचवायला, सगळ्यांचे हात ओले करायला धरून ५ रुपये पडतात. तो ती १२ रुपयांना विकतो. त्याचा फायदा ७ रुपये.

१०० पैकी ७५ सिगारेटी कायदेशीर. सरकारला मिळाले ७५ गुणिले १०, म्हणजे ७५० रुपये.

आता सरकारने तस्करी रोखायला कर ३ रुपयांनी कमी केला. कायदेशीर सिगारेट १७ रुपयांना आली. तस्कर काय करेल? तो धंदा बंद करून घरी बसेल का? तो भाव १२ वरून १० वर आणेल. त्याला अजूनही ५ रुपये सुटतात. पाचला आणून दहाला विकणं हा कुठल्याही बाजारात सोन्यासारखा धंदा आहे. एका कंटेनरमागे त्याचा फायदा ७ कोटींवरून ५ कोटींवर आला, एवढंच.

पण समजा, चमत्कार झाला. तस्करी शंभर टक्के थांबली. सगळ्या १०० सिगारेटी कायदेशीर झाल्या. सरकारला मिळाले १०० गुणिले ७, म्हणजे ७०० रुपये.

आधी किती मिळत होते? ७५०.

म्हणजे तस्करी मुळापासून संपली तरी सरकार ५० रुपये तोट्यात. हा तोटा भरून निघायचा एकच मार्ग आहे. लोकांनी १०० ऐवजी १०७-१०८ सिगारेटी ओढायच्या.

कुणी म्हणेल, ३ रुपये फार झाले, १ रुपयाच कमी करा. ठीक. मग ७५० रुपये मिळवायला सरकारला ९ रुपये कराने ८४ सिगारेटी कायदेशीर विकायला हव्यात. म्हणजे २५ तस्करीच्या सिगारेटींपैकी ९ परत यायला हव्यात. कशासाठी? तर २० ची १९ झाली म्हणून. समोर १२ रुपयांची पडलेली असताना.

यातला मूळ मुद्दा साधा आहे. तस्कर कराचा काही भाग चुकवत नाही, तो सगळाच कर चुकवतो. त्यामुळे तुम्ही थोडा कर कमी करून त्याच्याशी भावात स्पर्धा करायला गेलात, तर तुम्ही हरता. त्याला खरंच भावाने हरवायचं असेल तर कर शून्याच्या जवळ न्यावा लागेल.

जगात कुणी करून पाहिलंय का? हो, कॅनडाने

१९९० च्या सुमाराला कॅनडात सिगारेटवरचे कर झपाट्याने वाढले. शेजारी अमेरिकेत सिगारेट स्वस्त. मग कॅनडात बनलेल्या सिगारेटी निर्यात म्हणून करमुक्त अमेरिकेत जायच्या आणि सीमेवरून चोरून परत कॅनडात यायच्या. तस्करी इतकी वाढली की सरकार हादरलं.

फेब्रुवारी १९९४ मध्ये पंतप्रधान ज्याँ क्रेतियाँ यांनी करकपात जाहीर केली. क्वेबेक, ओंटारिओ आणि आणखी काही प्रांतांनी आपलेही कर उतरवले. क्वेबेकमध्ये सिगारेटच्या मोठ्या पेटीची किंमत जवळजवळ निम्म्यावर आली.

तस्करी कमी झाली का? झाली. हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण कर तितका खाली आणला म्हणून झाली. किंमत काय मोजली? महसूल कोसळला. किशोरवयीन मुलांमधलं धूम्रपान वाढलं. २००१ पासून कॅनडाने कर पुन्हा वाढवायला घेतले.

खरा धक्का तर नंतर बसला. २००८ मध्ये कॅनडातल्या दोन मोठ्या सिगारेट कंपन्यांनी, इम्पीरियल टोबॅको कॅनडा आणि रॉथमन्स, बेन्सन अँड हेजेस यांनी, त्या काळातल्या तस्करीशी संबंधित गुन्हा कबूल केला. दोघींनी मिळून १ अब्ज १५ कोटी कॅनेडियन डॉलर भरायचं मान्य केलं. म्हणजे तस्करीचं कारण सांगून ज्यांच्यासाठी कर उतरवला गेला, त्याच उद्योगातल्या कंपन्यांचा माल तस्करांपर्यंत पोचत होता आणि त्यात त्यांचाही हात होता.

भारतातल्या कंपन्या तसंच करतात असा याचा अर्थ अजिबात नाही. पण 'तस्करी वाढेल' हा इशारा आला की तो कोण देतंय हे बघायचं, एवढं कॅनडाने शिकवलं.

ब्रिटनने उलट केलं

२००० च्या सुमाराला ब्रिटनमध्ये साधारण पाचपैकी एक सिगारेट बेकायदा होती. तिथेही कर कमी करा अशी मागणी होती. सरकारने कर चढाच ठेवला. त्याऐवजी बंदरांवर स्कॅनर बसवले, सुमारे हजार कस्टम कर्मचारी वाढवले, पाकिटावर कर भरल्याची खूण बंधनकारक केली. पुढच्या दीड दशकात बेकायदा सिगारेटचा वाटा साधारण निम्म्यावर आला. या काळात ब्रिटनची सिगारेट युरोपातल्या सगळ्यात महागड्या सिगारेटींपैकी एक राहिली.

कर चढा आणि तस्करी उतरती, हे एकाच वेळी होऊ शकतं याचा हा पुरावा.

मग ऑस्ट्रेलियाचं काय?

उद्योगाच्या बाजूचं सगळ्यात तगडं उदाहरण आज ऑस्ट्रेलिया आहे. तेही टाळून चालणार नाही.

तिथे वर्षानुवर्षं कर इतका वाढवला की कायदेशीर पाकीट ४० डॉलरच्या वर गेलं. तस्करीचं पाकीट १५ डॉलरच्या आसपास मिळतं. २०२३ पासून मेलबर्न आणि परिसरात तंबाखूची दुकानं जाळण्याच्या शंभराहून जास्त घटना झाल्या. टोळ्यांमधलं हे युद्ध होतं. सिगारेटच्या करातून येणारा महसूल २०१९-२० मध्ये १६ अब्ज डॉलरच्या वर होता, तो २०२४-२५ पर्यंत निम्म्याहून खाली घसरला. जून २०२५ मध्ये न्यू साउथ वेल्सचे मुख्यमंत्री ख्रिस मिन्स यांनीच केंद्राकडे कराचा फेरविचार करायची मागणी केली. ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने मात्र कर कमी करायला नकार दिला आणि कारवाईवर पैसा लावायचं ठरवलं.

यातून काय घ्यायचं? कर वाढला की तस्कराचा फायदा वाढतो, हे खरं आहे. पहारा आहे तसाच ठेवून नुसता कर वाढवत गेलात तर एक दिवस बांध फुटतो. पण ऑस्ट्रेलियाचं पाकीट आपल्या पैशात दोन हजारांच्या वर जातं. आपण अजून त्या टोकापासून खूप लांब आहोत.

आपल्याकडचा धडा: गुटखा

परदेशात कशाला जायचं? महाराष्ट्राकडे स्वतःचा धडा आहे.

जुलै २०१२ मध्ये राज्याने गुटख्यावर बंदी घातली. अन्न सुरक्षा कायद्याखाली ही बंदी वेळोवेळी वाढवली जाते. म्हणजे इथे कराचा प्रश्नच मिटला. कायदेशीर गुटखाच नाही तर कर कशावर?

तरी दर आठवड्याला राज्यात कुठे ना कुठे गुटख्याचा ट्रक किंवा टेम्पो पकडल्याची बातमी असते. माल बऱ्याचदा शेजारच्या राज्यांतून येतो. पुण्याहून स्वारगेटच्या गाड्या ज्या सातारा-कोल्हापूर रस्त्याने जातात, त्याच महामार्गावर अशा कितीतरी कारवाया झाल्यात.

यावरून काय दिसतं? चोरटा माल कराच्या दराकडे बघून येत नाही. मागणी आहे, मधे नफा आहे आणि पकडलं जायची भीती कमी आहे, एवढं त्याला पुरतं. यातली तिसरी गोष्ट सरकारच्या हातात आहे.

शेतकऱ्याचं काय? निपाणीचा माणूस काय म्हणेल?

उद्योगाचा आणखी एक मुद्दा असतो. तस्करीच्या सिगारेटमध्ये भारतीय तंबाखू नसतो, म्हणून शेतकरी मरतो.

यात तथ्य आहे, पण तो शेतकरी कुठला हे बघा. सिगारेटमध्ये प्रामुख्याने एफसीव्ही जातीचा तंबाखू लागतो आणि तो मुख्यतः आंध्र प्रदेश आणि कर्नाटकातल्या म्हैसूर भागात पिकतो.

मराठी माणसाच्या डोक्यात तंबाखू म्हटलं की निपाणी येते. बेळगाव जिल्ह्यातलं हे मराठीबहुल गाव. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली इथल्या तंबाखू शेतकऱ्यांनी महामार्गावर ठाण मांडलं होतं. ते आंदोलन पोलिसांनी मोडून काढलं, गोळीबारात शेतकऱ्यांचे जीव गेले. त्यांची मागणी एकच होती, मालाला भाव द्या. त्यांना लुबाडणारा तस्कर नव्हता, भाव पाडणारा व्यापारी होता.

आणि निपाणीचा तंबाखू आहे प्रामुख्याने विडीचा. त्याचं नशीब सिगारेटच्या तस्करीशी नाही, विडीच्या बाजाराशी बांधलेलं आहे. सोलापूर, सिन्नर, संगमनेर, निपाणी इथल्या विडी वळणाऱ्या बायकांचंही तसंच. देशात नोंदणी झालेले विडी कामगार ५० लाखांच्या आसपास आहेत. त्यांची मजुरी सिगारेटवरचा कर उतरवून वाढणार नाही. त्यांच्या नावाने सिगारेटसाठी सूट मागितली जात असेल तर हे लक्षात ठेवायला हवं.

मग महाराष्ट्रासाठी खरी काळजी कोणती?

आता तो विडीचा मुद्दा आठवा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या स्वरूपात तंबाखू घेत होते. त्यात धूम्रपान करणारे होते फक्त ३.८ टक्के. मळून, चघळून, मिसरी लावून तंबाखू घेणारे होते २४.४ टक्के.

म्हणजे राज्यातल्या बहुतेक तंबाखूवाल्यांनी सिगारेटला हातही लावलेला नाही. सिगारेट महागल्यावर तस्करीच्या पाकिटाकडे वळणारे काही जण असतील, पण स्वस्त वस्तू शोधताना विडीकडे किंवा तंबाखूच्या पुडीकडे वळायचा रस्ता जास्त सोपा आहे. ती तर कायदेशीर आहे, प्रत्येक टपरीवर आहे. सिगारेटचा दर चढला आणि विडीचा उतरला, तर हा रस्ता आणखी गुळगुळीत होतो. फुप्फुसाला सिगारेट आणि विडी यातला फरक कळत नाही, आणि तोंडाच्या कर्करोगाला धुराची गरज लागत नाही.

तंबाखूमुळे भारतात दरवर्षी १३ लाखांच्या आसपास माणसं मरतात. त्यामुळे 'कर किती' याइतकाच 'कशावर किती' हाही प्रश्न आहे, आणि करकपातीच्या वादात तो बाजूलाच पडतो.

कर कमी करायचा नसेल तर तस्करीचं करायचं काय?

यावर उपाय नाहीत असं नाही, उलट बरेचसे कागदावर तयार आहेत.

भारताने २०१८ मध्येच तंबाखूच्या बेकायदा व्यापाराविरोधातल्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता दिली. त्याचा गाभा म्हणजे ट्रॅक अँड ट्रेस. प्रत्येक पाकिटावर एक वेगळा क्रमांक, जो स्कॅन केला की ते कुठल्या कारखान्यात बनलं, कर भरला का, कुठे जाणार होतं ते कळेल. २०२५ च्या वित्त कायद्याने जीएसटी कायद्यात कलम १४८अ टाकून अशा खुणेची तरतूद केली. म्हणजे कायद्याची अडचण उरलेली नाही. आता बघायचं ते हे, की ती खूण प्रत्येक पाकिटावर येते का आणि ती तपासणारा माणूस रस्त्यावर उभा असतो का.

दुसरं, बंदरं. कंटेनर न्हावा शेव्यात पकडला तर एका वेळी १ कोटी सिगारेटी थांबतात. तोच माल शहरात पसरला की मग टपरी-टपरीवर शोधत बसावं लागतं.

तिसरं, सुटी विक्री. तस्करीच्या मालाला लपायला सुट्या सिगारेटीइतकी चांगली जागा नाही. २०२० चा नियम नीट पाळला गेला तर पाकीट गिऱ्हाईकाच्या हातात जाईल आणि पाकिटावर काय नाही ते त्याला दिसेल. पण हा नियम नुसता टपरीवाल्याला दंड करून पाळला जाणार नाही. त्याचा पोटापाण्याचा धंदा सुट्या विक्रीवर उभा आहे. साखळीतला सगळ्यात छोटा माणूस तो आहे आणि सगळ्यात सहज हाताला लागणाराही तोच. कंटेनर आणणारा मोकळा आणि टपरीवाला चौकीत, असं झालं तर तस्करी काही थांबणार नाही.

तर, थोडक्यात विषय असा आहे

कर वाढला की तस्करीचा मोह वाढतो, हे खरं. पण कर थोडा उतरवला की तस्करी थांबते, हे खरं नाही. ती थांबवण्याइतका कर उतरवायचा असेल तर महसूल जातो आणि सिगारेट शाळा-कॉलेजच्या पोरांच्या खिशाला परवडायला लागते. कॅनडाने हे भोगून बघितलं. ब्रिटनने पहारा वाढवला आणि दोन्ही गोष्टी साधल्या.

त्यामुळे पुढच्या वेळी संसदेत किंवा टीव्हीवर कुणी 'कर कमी करा, तस्करी थांबेल' म्हणालं, तर तीन प्रश्न विचारा. तस्करीचा आकडा कुणी मोजला? किती कर कमी केल्यावर तस्कराला तोटा होईल? आणि तेवढा कमी केला तर जास्तीच्या सिगारेटी कोण ओढणार?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्वारगेटला गाडीची वाट बघत उभ्या असलेल्या एखाद्या अठरा वर्षांच्या पोराच्या रूपात समोर येऊ शकतं. वीस रुपये म्हटल्यावर तो विचार करतो आणि चहावर भागवतो. दहाला मिळाली तर तो विचार करेल का?

तुमच्या भागात १ फेब्रुवारीनंतर काय बदललं? लोकांनी सिगारेट कमी केली, विडी-तंबाखूकडे वळले, की बिनचित्राची पाकिटं दिसायला लागली? आम्हाला नक्की सांगा.